गादी सरकली आणि माणूस अंथरुणाला खिळला : कंबरदुखीच्या शुश्रूषेची गोष्ट

"डॉक्टर, किती दिवस झोपून राहू?"

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आलेला पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हा प्रश्न विचारतो. घरच्यांनी तर तयारीही केलेली असते. पलंगावरची गादी काढून फळी टाकलेली असते, ऑफिसात महिनाभराची रजा कळवलेली असते, बेडपॅनसुद्धा आणून ठेवलेलं असतं. मी सांगतो, "शक्यतो झोपून राहू नका. सोसेल तेवढं हिंडा-फिरा." त्यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. डॉक्टरांना रिपोर्ट नीट कळला नाही की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

ती शंका रास्त आहे. कारण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही डॉक्टरच सांगत होतो की गादी सरकली की तीन ते सहा आठवडे सक्त विश्रांती, उठून बसायचंही नाही. आता आम्हीच उलट सांगतो. हा बदल कसा झाला, हे पेशंटला कळलं नाही तर त्याने विश्वास तरी का ठेवावा? म्हणून आज औषधांपेक्षा इतिहास सांगतो.

आमच्या घरातली गोष्ट

१९८४ सालचा उन्हाळा. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. नळाला पाणी आलं म्हणून बाबा भरलेली बादली उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. आजीने उसण भरली म्हणून शेजारच्या पायाळू मुलाला बोलावलं. त्याने बिचाऱ्याने बाबांच्या कमरेला भीतभीत पाय लावला. उपयोग झाला नाही. मग डॉक्टर झाले, एक्स-रे झाला आणि निदान झालं "स्लिप डिस्क". सल्ला मिळाला सहा आठवडे फळीवर उताणं झोपून राहण्याचा.

आईने तो सल्ला अक्षरशः पाळला. जेवण आडव्यानेच, अंग पुसणं आडव्यानेच, शौच-लघवी भांड्यात. बाबांसारख्या संकोची माणसाला हे फार जड गेलं. भांडं नको म्हणून ते जेवण कमी करायचे, पाणी कमी प्यायचे, त्यातून बद्धकोष्ठता व्हायची आणि कुंथताना पायात पुन्हा कळ जायची. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर कातडी लाल झाली, मग फुटली. सहा आठवड्यांनी त्यांना उभं केलं तेव्हा ते चक्कर येऊन पुन्हा पलंगावर बसले. मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. कमरेचं दुखणं थांबलं होतं, पण कामावर रुजू व्हायला आणखी दोन महिने गेले.

त्यात कोणाचाच हलगर्जीपणा नव्हता. डॉक्टरांनी तेव्हाच्या पुस्तकात होतं ते सांगितलं आणि आईने ते मनापासून केलं.

नेमकं सरकतं काय?

"गादी सरकली" हा शब्द सोयीचा असला तरी मणक्यामधली चकती बशीसारखी निसटत नाही. तिची कड चिवट तंतूंच्या थरांची असते आणि आत मऊ, जेलीसारखा गर असतो. कडेला चीर पडली की गराचा काही भाग मागे येतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेला लागतो. त्यामुळे नस दाबली जाते आणि तिला सूजही येते. म्हणून दुखणं कमरेतलं असलं तरी कळ पायात जाते. बहुतेक वेळा हे कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत होतं.

हे एवढं साधं चित्र माणसाला फार उशिरा कळलं.

गिधाडाची चाल

दुखणं मात्र जुनं आहे. चरकसंहितेत त्याला 'गृध्रसी' म्हटलं आहे. कुल्ल्यापासून निघून मांडी, गुडघा, पोटरी या वाटेने पावलापर्यंत जाणारी वेदना, असं तिचं वर्णन आहे. गृध्र म्हणजे गिधाड. असा रोगी गिधाडासारखा अवघडून चालतो, म्हणून हे नाव पडल्याचं सांगतात. सायटिकाचा पेशंट दवाखान्याच्या दारातून आत येताना पाहिला की नाव ठेवणाऱ्याची नजर किती बारीक होती हे पटतं.

युरोपात १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या डॉक्टरने एक लहानसं पुस्तक लिहिलं. हे दुखणं खुब्याच्या सांध्याचं नसून नसेचं आहे, असं त्याने ठामपणे मांडलं. नसेभोवती पाणी साचतं, असं त्याला वाटत होतं. म्हणून तो कातडीवर फोड आणणारे लेप लावून ते पाणी बाहेर काढू पाही. कारण चुकलं, पण जागा बरोबर होती.

पुढे १८८० साली सर्बियाचा लाझा लाझारेविच आणि १८८१ साली पॅरिसच्या लासेगचा एक विद्यार्थी, दोघांनी स्वतंत्रपणे एक साधी तपासणी लिहून ठेवली. पेशंटला उताणं झोपवायचं आणि गुडघा न वाकवता पाय वर उचलायचा. नस ताणली गेली की कळ येते. आजही मी तुमचा पाय असा उचलून पाहतो, तो त्याच तपासणीचा भाग असतो.

विश्रांतीचं औषध आलं कुठून?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हाडांच्या क्षयाने असंख्य मुलं पंगू होत. त्यावर औषध नव्हतं. लंडनच्या जॉन हिल्टन या सर्जनने विश्रांती आणि वेदना यांवर व्याख्याने दिली. ती १८६३ साली पुस्तकरूपाने आली. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला. त्याने दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यायची असा नियम घालून दिला. मोडलेलं हाड बांधून ठेवायची 'थॉमस स्प्लिंट' त्याचीच.

हाड मोडलं असेल किंवा सांध्याला क्षय झाला असेल तर हा नियम योग्य होता. तिथे हालचाल थांबवणं हाच उपचार होता. पुढे तो नियम साध्या कंबरदुखीलाही लावला गेला. एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराने उसनं घेतलं आणि परत द्यायला शंभर वर्षं लावली, असं मला वाटतं.

अस्थिरोगाची शुश्रूषाही याच वातावरणात वाढली. अ‍ॅग्नेस हंट ही तरुणी लहानपणापासून खुब्याच्या आजाराने अधू होती. तरीही ती परिचारिका झाली. १९०० साली तिने श्रॉपशायरमधल्या बॅसचर्च या खेड्यात घर उघडलं आणि अपंग मुलांना उघड्या हवेत, शेडमध्ये ठेवून त्यांची काळजी घ्यायला सुरुवात केली. थॉमसचा शिष्य आणि नातलग सर रॉबर्ट जोन्स तिथे ऑपरेशनं करायला येऊ लागला. महिनोन्‌महिने पडून असलेल्या मुलाची कातडी, पोट, श्वास आणि मन कसं सांभाळायचं, हे शास्त्र तिथल्या परिचारिकांनी हाताने घडवलं.

त्याआधी १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात बजावलं होतं की रोग्याला शय्याव्रण झाला तर तो बहुधा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष असतो. क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर ती स्वतः कित्येक वर्षं बहुतांशी अंथरुणातच होती आणि तिला पाठीच्या तीव्र वेदना होत्या. पलंगाबद्दल ती लिहिते ते अनुभवाचं होतं.

१९३४ : गुन्हेगार सापडला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही सर्जन कण्याच्या पोकळीतून कूर्चेसारखे तुकडे काढत होते, पण त्या गाठी आहेत असं समजत होते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेंदूचे सर्जन विल्यम मिक्स्टर आणि हाडांचे डॉक्टर जोसेफ बार यांना शंका आली. त्यांनी 'गाठ' म्हणून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासून घेतले. त्यातले बरेच तुकडे चकतीचेच निघाले. ऑगस्ट १९३४ मध्ये त्यांचा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि सायटिकाचं कारण सापडलं.

शोध फार मोठा होता. ज्यांचे पाय लुळे पडत होते त्यांना ऑपरेशनने बरं करता येऊ लागलं. पण त्याचा एक दुष्परिणामही झाला. कंबर म्हणजे एक यंत्र आणि चकती म्हणजे त्यातला तुटलेला भाग, असं चित्र डॉक्टरांच्या आणि लोकांच्या मनात बसलं. तुटलेली वस्तू आपण हलवत नाही. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसनने चकतीत सुई घालून दाब मोजला. झोपल्यावर दाब सर्वांत कमी, उभं राहिल्यावर जास्त आणि बसल्यावर त्याहून जास्त, असं त्याला आढळलं. मोजमाप खरं होतं. पण त्यातून आम्ही निष्कर्ष काढला की मग झोपूनच राहा.

मी इंटर्न असताना अस्थिरोग वॉर्डात अशा पेशंटची रांग असायची. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि पलंगाच्या पायथ्याशी कप्पीवरून लोंबणारी वजनं. पेशंट भेटायला आलेल्यांना अभिमानाने सांगायचे, "मला वजन लावलंय." खरं तर पलंग आणि अंग यांच्यातल्या घर्षणावर मात करायलाच बरंच वजन लागतं, त्यामुळे मणके फारसे ताणले जात नसत. त्या वजनांचा मुख्य परिणाम म्हणजे माणूस पलंगाला बांधला जायचा.

मी तिथे खरं शिकलो ते सिस्टरांकडून. आमच्या वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या. पेशंटला कुशीवर वळवताना त्या दोघींना मदतीला घेत, त्याच्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवत आणि "एक, दोन, तीन" म्हणून खांदा आणि खुबा एकाच वेळी वळवत, ओंडका लोळवावा तसा. कंबर पिळली जात नसे आणि पेशंट ओरडत नसे. टाचा आणि माकडहाड त्या रोज बोट लावून तपासत. लघवी किती वाजता झाली हे त्या आवर्जून विचारत, आणि का विचारतात हे मला नंतर कळलं. विश्रांतीचे सगळे तोटे त्या दोन हातांनी थोपवून धरत होत्या. विश्रांतीच कमी करा, हे सांगण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

पलंगाविरुद्ध पुरावा

पहिला मोठा इशारा १९४७ सालचा. रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडण्याचे धोके यावर एक खुसखुशीत लेख लिहिला. फुप्फुसात कफ साचतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, कातडी सडते, हाडातला कॅल्शियम झिरपतो, मूतखडे होतात, पोट तटतं, मन खचतं, असं त्याने एकेका अवयवाबद्दल दाखवून दिलं. लेख गाजला, पण सायटिकाचे पेशंट मात्र झोपूनच राहिले.

मग प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पेशंटचे गट पाडायचे आणि दोन उपचारांची तुलना करायची.

१९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ पेशंटपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. बरं होण्यात फरक पडला नाही. फक्त दोन दिवसवाल्यांचे सरासरी ३.१ दिवस कामाचे बुडाले, तर सात दिवसवाल्यांचे ५.६.

१९९५ मध्ये हेलसिंकीत महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांची चाचणी झाली. नेहमीचे व्यवहार सोसतील तसे चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले आणि विश्रांती घेणारे सर्वांत उशिरा.

"पण माझी नस दबलीय, मला नुसती कंबरदुखी नाही," असं तुम्ही म्हणाल. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये नेमक्या अशाच, म्हणजे सायटिकाच्या १८३ पेशंटवर चाचणी झाली. एका गटाला दोन आठवडे झोपवलं, दुसऱ्याला हिंडू-फिरू दिलं. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ७० टक्क्यांना आणि दुसऱ्या गटातल्या ६५ टक्क्यांना बरं वाटत होतं. हा फरक धरण्याइतका नव्हता. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत आकडा एकच, ८७ टक्के. झोपून राहिल्याने नुकसान झालं नाही, पण मिळालंही काही नाही.

फळीचंही तसंच. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ पेशंटवर झालेली चाचणी २००३ साली लॅन्सेटमध्ये आली. अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला.

एमआरआयनेही दोन गोष्टी शिकवल्या. बाहेर आलेला गर अनेकदा आपोआप आक्रसतो, शरीराच्या पेशीच तो हळूहळू खाऊन टाकतात. आणि १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ धडधाकट माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत कुठली ना कुठली चकती फुगलेली दिसली. म्हणून रिपोर्टमधला 'बल्ज' हा शब्द वाचून घाबरू नका. रिपोर्टवर नाही, तर पेशंटवर उपचार करायचे असतात.

माझी चूक

१९९५ च्या सुमारास माझा दवाखाना नवीन होता. एक भाजीवाली मावशी कमरेपासून घोट्यापर्यंत कळ घेऊन आली. मी रुबाबात सांगितलं, "तीन आठवडे सक्त विश्रांती." चौथ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर बाई टोपलीशी उभी. मी रागावलो. ती म्हणाली, "डॉक्टर, मी झोपले तर घर कोण चालवणार? बसवत नाही म्हणून उभ्यानेच विकते. पाटी पोरगा उचलतो."

महिन्या-सव्वा महिन्यात ती बरी झाली. मी तेव्हा म्हटलं, नशीबवान आहे. आता कळतं की बसणं टाळून, ओझं दुसऱ्याकडे देऊन आणि चालतं राहून तिने नेमकं तेच केलं होतं जे पुढे चाचण्यांनी सांगितलं. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण तिच्याकडून शिकायला मला आणखी काही वर्षं लागली, हेही खरं. त्या वर्षांत माझ्या सल्ल्याने किती जणांचा रोजगार बुडाला असेल, याचा हिशोब माझ्याकडे नाही.

मग आता घरच्यांनी काय करायचं?

शुश्रूषा संपलेली नाही, तिची दिशा बदलली आहे. पूर्वी पेशंटला हलू न देणं हे काम होतं. आता त्याला कमी त्रासात हलतं ठेवणं हे काम आहे.

• कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस आडवं व्हायला हरकत नाही. उताणं झोपताना गुडघ्याखाली उशी किंवा लोड घ्या, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवा.
• उठताना सरळ उठून बसू नका. आधी अख्खं अंग कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा. सिस्टरांची तीच ओंडक्याची युक्ती.
• दिवसातून अनेकदा थोडं थोडं चाला. एकाच जागी फार वेळ बसू नका.
• उकिडवं बसणं जमत नसेल तर काही दिवस कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. कुंथायला लागू नये म्हणून पाणी, भाज्या, फळं भरपूर घ्या.
• वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर घ्या. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असेल तर आधी सांगा.
• शेकताना कातडी भाजणार नाही हे पाहा, विशेषतः पायाला बधिरपणा असेल तर.
• पट्टा थोडे दिवस बांधायला हरकत नाही, पण त्याची सवय लावू नका. कळ ओसरली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका.

ऑपरेशन कुणाला? बहुतेकांना लागत नाही. २००७ साली नेदरलँड्समध्येच तीव्र सायटिकाच्या २८३ पेशंटवर झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांच्या वेदना लवकर थांबल्या. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के पेशंट बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही, घाई मात्र बहुधा नको. आणि ऑपरेशननंतरही आता पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात.

इथे मात्र वाट पाहू नका

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांत कळ येऊन शक्ती कमी होऊ लागली, किंवा पाऊल उचलता येईनासं झालं, तर रात्र असली तरी तडक मोठ्या हॉस्पिटलात जा. शेवटच्या नसांचा पूर्ण जुडगा दाबला गेल्याची ही खूण असू शकते आणि इथे तास मोजावे लागतात. सिस्टर लघवीची वेळ का विचारत होत्या, ते हेच. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणं किंवा पूर्वीचा कॅन्सर असेल तरीही लवकर दाखवा.

शेवटी

बाबा त्या आजारातून बरे झाले आणि पुढे पंचवीस वर्षं जगले. माकडहाडावरची जखम भरली, मांड्याही भरल्या. पण सहा आठवड्यांत त्यांच्या मनात बसलेली भीती गेली नाही. त्यांनी पुन्हा कधी बादली उचलली नाही. माझी मुलगी रांगत त्यांच्याकडे जायची, हात वर करायची, आणि ते म्हणायचे, "नको गं, माझी कंबर." ते खुर्चीत बसायचे आणि आई तिला त्यांच्या मांडीवर ठेवायची.

तेव्हा त्यांच्या चकतीला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणून "किती दिवस झोपू?" असं तुम्ही विचारता तेव्हा मी "उठा" म्हणतो. तुमचं दुखणं मला खोटं वाटतं, असा त्याचा अर्थ नाही. कळ बहुधा काही आठवड्यांत जाईल. मागे भीती उरू नये, एवढीच काळजी आपण दोघांनी मिळून घ्यायची आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीबाबतचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)